उसाला जाण्याआधीच्या कबरी

तुम्ही दोघांनी शाळेसाठी केलेल्या पृथ्वीच्या प्रतिकृतीचा फोटो पाहिला. आत पिवळा गाभा, त्याभोवती नारिंगी प्रावरण आणि बाहेर तपकिरी कवच. क्रम बरोबर आहे. कवच मात्र फार जाड झालं आहे. सफरचंदाच्या मानानं त्याची साल जेवढी, साधारण तेवढंच ते हवं. माणसाची शेती, विहिरी, घरं, सगळं त्या सालीच्याही अगदी वरच्या पापुद्र्यात चालतं.

फोटोखाली तुम्ही विचारलं होतं की आजी, तुझ्याकडच्या जमिनीत कोणते थर आहेत, आणि तू ते स्वतः पाहिलेस का. पाहिले आहेत. कुठे पाहिले हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते. तुमची आई म्हणेल, मुलांना हे कशाला. पण प्रश्न तुम्ही विचारला आहे.

नगरच्या शाळेत मी वर्षानुवर्षं भूगोल शिकवला, तोही इंग्रजीतून. रंगीत खडूंनी फळ्यावर थर काढले आणि तास संपल्यावर पुसले. पण खरी जमीन उघडलेली, तिच्या काठाशी उभं राहून सावकाश पाहिली, ती तुमच्या आजोबांच्या गावच्या कबरस्थानात.

ते गाव मिरजगावच्या पुढे, हमरस्ता सोडून आत आहे. आजोबा शिकले, भिंगारला लष्कराच्या कचेरीत कारकून झाले, आणि आम्ही इथलेच झालो. त्यांचे थोरले भाऊ गावात राहिले. खरं तर अर्धं वर्षच गावात. दिवाळी झाली की तिथल्या आपल्या ख्रिस्ती वस्तीतली धडधाकट माणसं नवरा-बायकोच्या जोडीनं ऊसतोडीला निघतात. शेजारच्या आळीतली हिंदू कुटुंबंही त्याच ट्रकमध्ये असतात. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की उन्हाळ्यात सगळे परत येतात. मधल्या काळात गावात उरतात ती म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं.

त्या थोरल्या भावांची बायको म्हणजे माझी मोठी जाऊ. मी त्यांना अक्का म्हणायचे. त्या मला कधी नावानं किंवा नात्यानं हाक मारत नसत. 'मास्तरीण' म्हणत, आणि त्यात कौतुक किती नि टोमणा किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. गुडघे चालत होते तोवर अक्कांनी ऊस तोडला. पुढे भाऊजी, म्हणजे त्यांचे यजमान, वारले; मुलगा आणि सून जाऊ लागले, आणि अक्का मागे राहणाऱ्यांत आल्या.

आता थरांकडे येते. हिमालयात खडक वाकले, दुमडले, काही ठिकाणी उभे राहिले. आपल्याकडे तसं काही घडलं नाही. जमिनीच्या भेगांतून लाव्हा उतू आला, पसरला आणि थिजला. पुष्कळ काळानं त्यावर दुसरा आला. भाकरींची चवड रचावी तसे हे थर आडवे पडून आहेत. आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ते त्यामुळेच. खोल विहिरीत वाकून पाहिलं तर दोन काळ्या थरांच्या मध्ये कधी तांबडी पट्टी दिसते. ती त्या वेळची माती, वरून आलेल्या लाव्ह्यानं भाजलेली. पण लाव्हा थंड होताना आकसतो आणि तडकतो. त्या भेगांत पाणी शिरतं, आणि पाणी ज्या वाटेनं जातं तिथला खडक आतून कुजत जातो. वरून तो दगडासारखा दिसतो, पण पहार घातली की ढासळतो. गावात त्याला मांजऱ्या म्हणतात.

आमचं कबरस्थान माळावर आहे. पिकाऊ जमीन मेलेल्यांना कोण देणार? वर वीतभर माती, तिच्याखाली चुनखडीचे पांढरे खडे, मग थोडा मुरूम, आणि गुडघाभर खोलीवर काळा कातळ. मात्र या माळातून एक भेग तिरकी गेली आहे आणि तिच्या दोन्ही अंगांचा खडक मांजऱ्या झाला आहे. तेवढ्याच पट्टीत पुरुषभर खणता येतं. म्हणून आपल्या गावातल्या कबरी फाटकापासून सुरू होऊन एकीला एक चिकटून तिरक्या गेल्या आहेत. नवीन पाळक आले की पहिल्यांदा हेच विचारतात, या अशा वाकड्या का.

तीच भेग उतारावर पुढे गावच्या पिण्याच्या विहिरीला मिळते. विहिरीचा झरा तिच्यातूनच येतो. त्यामुळे जुन्या लोकांनी हद्द घालून दिली होती: कोपऱ्यातल्या बोरीच्या झाडापलीकडे कबर खणायची नाही. मी सांगते आहे त्या वर्षी आपली माणसं बोरीपर्यंत पोचली होती. पट्टीत दोनच जागा उरल्या होत्या.

ऊसतोडीला निघण्याआधी वस्तीतले तरुण दोन कबरी खणून ठेवत. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांच्यानं पहार उचलत नसे, म्हणून ही रीत पडली होती. पुरुषभर खणायचं, भिंती तासायच्या आणि निघालेला मुरूमच पुन्हा सैल भरून टाकायचा. वेळ आली की दोन म्हाताऱ्यांनी फावड्या-घमेल्यानं तो उपसला तरी काम होई. कबर कुणाची हे कुणी बोलायचं नाही. प्रार्थना तर नाहीच. पाळकांना ही रीत आवडत नसे. मरणाआधी कबर म्हणजे अविश्वास, असं ते एकदा म्हणाले. त्यावर एका म्हाताऱ्यानं उत्तर दिलं होतं, "पाळकसाहेब, इस्वास हाय, पन पहार उचलत न्हाई."

त्या दिवाळीत मी गावी गेले होते. खणणं चालू होतं आणि कबरस्थानाच्या गडग्यावर मागे राहणारी सगळी मंडळी पाय सोडून बसली होती, लग्नाचा मांडव घालताना बसावं तशी.

"लांब घे रं वाईच," एक उंच, वाळका म्हातारा खड्ड्यातल्या पोराला म्हणाला. "माझं पाय भाईर ऱ्हातील."

"तुझं पाय कशापायी?" अक्का म्हणाल्या. "तुझं काय रिझर्वेशन हाय?"

"मंग तुझं हाय का?"

"हाय तर. दम्यानं कवाच बुकिंग केलंया."

सगळे हसले. खड्ड्यातली पोरंही हसली, आणि लगेच खाली मान घालून खणू लागली. अक्कांना दमा नव्हता. त्यांचं हृदय थकत चाललं होतं. पाय सुजायचे, आडवं पडलं की श्वास पुरायचा नाही. मिरजगावच्या डॉक्टरांनी ते सांगितलं होतं. पण अक्कांनी त्याला दमाच ठरवून टाकलं होतं.

मी काठाशी उभी राहून खड्ड्याची भिंत पाहत होते. वर काळी रेघ, तिच्याखाली पांढरे ठिपके, मग पिवळसर मुरूम, आणि तळाशी करडा, ओलसर मांजऱ्या. इतका स्वच्छ छेद मी एकाही पुस्तकात पाहिला नव्हता. मी मोबाईल काढला आणि पुन्हा पर्समध्ये ठेवला. अशा खड्ड्याचा फोटो काय काढायचा.

परतताना अक्का माझ्या हाताचा आधार घेऊन चालत होत्या. मध्येच थांबून म्हणाल्या, "मास्तरीण, ती बोरीकडची माझी. कुनाला बोलू नको."

मी म्हटलं, "अक्का, भाऊजींच्या शेजारी असती तर बरं झालं असतं."

"शेजारची जागा कवाच गेली. आनि गेली त्ये बरंच झालं." मग दम घेत, थांबत थांबत त्या बोलल्या. "उभा जलम पाचटाच्या कोपीत काढला. त्यात सासू, त्यात लेकरं, त्यातच चूल. पाय लांब केला की कुनाला तरी लागायचा. घर सासऱ्याचं, मग नवऱ्याचं, आता पोराचं. माझं एक लेकरू कारखान्याकडं चारीच्या बांधावर पुरलं. फुडल्या सालाला गेलो तर बांधच न्हवता, मशीन फिरलेलं. म्हनून म्हनते, एक जागा पाहिजे. हितंच पाहिजे, आनि माझी एकलीची पाहिजे. मेल्यावर तरी कुनी म्हनू नये, सरक जरा."

त्या मुलाबद्दल मी तोवर कधीच ऐकलं नव्हतं. तुमच्या आजोबांनाही ते माहीत नसावं.

नाताळानंतर तो उंच म्हातारा गेला. रीतीप्रमाणे पहिली कबर उपसली आणि त्याला मूठमाती दिली. अक्का म्हणाल्या, "गडी खरं बोलत व्हता. पाय बरुबर मावलं."

पुढे अक्कांची सूज वाढली, तेव्हा मी कपड्यांची पिशवी घेऊन गावी राहायला गेले. नगरच्या दवाखान्यात चला म्हणून मी रोज सांगायचे. त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "तिकडं न्हेशीला आनि तिकडंच पुरशीला. भिंगारला मला कोन वळखतं?" मुलाला फोन केला. तो म्हणाला, "काकी, पट्टा पडू द्या, मी आलोच. मुकादम आत्ता सोडत न्हाई." मागून कोयत्यांचा आवाज येत होता.

मग एका दुपारी वस्तीत रुग्णवाहिका आली. उसानं भरलेली ट्रॉली उलटून तिच्याखाली एक तरुण गेला होता. दिवाळीत कबरी खणणाऱ्यांपैकीच तो एक. बरोबर त्याची बायको होती, एक लहान मूल होतं, आणि रस्ताभर फोनवर बोलत आलेला मुकादम होता. त्या तरुणाची आई अक्कांच्या शेजारच्याच घरात राहायची. शवविच्छेदनात आधीच वेळ गेला होता. ऊन चढलं होतं. आणि तयार कबर एकच होती.

कबर कुणाची हे बोलायचं नसतं, तरी मागे राहिलेले चार-सहा म्हातारे अक्कांच्या दारात येऊन उभे राहिले. एकानं डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. शेजारच्या घरातून त्या आईचा आक्रोश ऐकू येत होता.

अक्का बाजेवर उशांना टेकून बसल्या होत्या. त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "आरं, ती काय माझ्या बापाची जागीर हाय व्हय? जावा. घाला त्या लेकराला."

ते गेल्यावर म्हणाल्या, "मास्तरीण, आता मला थांबाया लागतंय."

आणि त्या खरोखर थांबायच्या तयारीला लागल्या. तोवर उशीखाली लपवलेल्या गोळ्या वेळेवर घेऊ लागल्या. मीठ सोडलं. अळणी भाजीला नावं ठेवत, पण संपवत. पट्टा पडेल, माणसं येतील, मग कातळ असला तरी पोरं पहारीनं आणि छिन्नीनं फोडून कुठेतरी जागा करतील, असा त्यांचा हिशेब होता. रोज संध्याकाळी मुलाला फोन लावायला सांगत.

"ऊस किती ऱ्हायला रं?"

"लई हाय, आई. आवंदा लई हाय."

"मंग बिगीबिगी तोडा की. बसताय कशापायी?"

मी त्या दिवसांत सकाळी उठून कबरस्थानात जात असे. जिथे भेग असते तिथे खाली ओल असते, आणि जिथे ओल असते तिथे झुडपं एका रेषेत उगवतात, हे मी मुलांना शिकवलं होतं. गडग्याच्या वरच्या अंगाला तरवडाची झुडपं ओळीनं आहेत असं मला वाटलं. मी दोन म्हाताऱ्यांना घेऊन गेले. ते पाळीपाळीनं खणत आणि पाळीपाळीनं बसत. गुडघ्याएवढ्या खोलीवर काळा, गुळगुळीत कातळ लागला. त्यात लाव्ह्यातल्या जुन्या बुडबुड्यांची भोकं होती आणि ती पांढऱ्या स्फटिकांनी भरलेली होती. संग्रहालयात ठेवावा असा सुंदर दगड. पहारीनं त्याच्यावर फक्त टिंब उमटत होतं.

मिरजगावहून ब्रेकरचं मशीन आणता आलं असतं. पण फाटकातून आत शिरलं की लगेच कबरींची पट्टी सुरू होते. मशीन त्यांच्यावरूनच न्यावं लागलं असतं, नुकत्याच बुजवलेल्या कबरीवरूनही. त्या तरुणाची आई म्हणाली, "माझ्या पोरावरून आनि एक चाक न्हेऊ नका." त्यानंतर कुणी तो विषय काढला नाही. बोरीपलीकडे खणायचं तर विहिरीचं पाणी. सुरुंग लावायचा तर सगळ्याच कबरी हादरणार. यातलं काही मी अक्कांना सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. फक्त माझ्या चपलांना लागलेला पांढरा चुना पाहायच्या.

पट्टा पडायच्या आधी, एका सकाळी, चहाची बशी हातात असताना अक्का गेल्या. बशी कलंडली तेव्हा मला कळलं.

मुलगा दुपारी पोचला. एकटाच. दोघांनाही एकदम सोडायला मुकादम तयार झाला नव्हता, त्यामुळे सून तिकडेच राहिली. त्याचे हात उसाच्या चिकानं काळे झाले होते आणि पाचटानं कापलेले होते. आईचं तोंड पाहून तो तसाच उठला, पहार घेतली आणि माळावर गेला. मी मागोमाग गेले. तरवडाजवळच्या त्या खड्ड्यात उतरून त्यानं घाव घालायला सुरुवात केली. तो तरुण होता, ऊस तोडून दंड पिळदार झालेले. पण प्रत्येक घावाला पहार उसळत होती आणि ठिणगी उडत होती. म्हातारे गडग्याशी उभे राहून पाहत होते. कुणी त्याला थांबवलं नाही. शेवटी तो आपणच खड्ड्याच्या काठावर बसला.

"काकी," तो म्हणाला, "आई काय बोलली हुती का? जागेचं?"

मी खोटं सांगू शकले असते. पण मग पुढे त्याच्या तोंडाकडे मला पाहता आलं नसतं. मी म्हटलं, "इथेच पाहिजे म्हणत होत्या. आणि एकटीची. कुणाच्या वाटणीतली नको."

तो काळ्या हातांकडे पाहत बसला. मग म्हणाला, "मंग तुमी शिकलेल्या हाय. तुमी सांगा, कुठं?"

मी भोवती पाहिलं. या माळाखाली काय आहे, ते कधी, कसं थिजलं, कशानं तडकलं, हे सगळं मला सांगता आलं असतं. त्याला हवी होती ती जागा मला सांगता येईना. मी म्हटलं, "भिंगारला ओळखीनं वेगळी जागा मिळेल. तिथं माती मऊ आहे."

"तितं तिला कोन हाय?"

"मी आहे."

"तुमी हाय," तो म्हणाला. त्याच्या मनात काय आलं ते मला समजलं. मी किती दिवस असणार?

तेव्हा त्या मेलेल्या तरुणाची आई गडग्याजवळून पुढे आली. ती म्हणाली, "बापाची उघड. मऊ माती तेवढीच हाय."

आमच्या गावात असं पूर्वी केलेलं नव्हतं. मिरजगावकडून आलेले पाळक खाली मान घालून म्हणाले, माझी हरकत नाही. मुलानं वडिलांच्या कबरीवरचे दगड एकेक करून बाजूला ठेवले आणि फावडं घातलं. माती सहज निघत होती. मी काठाशी उभी होते. एकदा खणून बुजवलेल्या जमिनीत थर परत बसत नाहीत. काळं, पांढरं, पिवळं सगळं एकमेकांत कालवलेलं होतं. कितीही वर्षं गेली तरी ते तसंच राहतं. म्हणूनच इथे माणूस उतरला होता हे कळतं. मुलांनो, थरांविषयी एवढी एक गोष्ट मी पुस्तकाबाहेर शिकले.

कंबरेएवढं उपसल्यावर फावड्याला कुजलेल्या फळीचा तुकडा लागला. मुलगा थांबला. त्यानं फावडं वर दिलं, आणि तो तुकडा हातानं पुन्हा मातीखाली झाकला. त्यावर घमेलंभर स्वच्छ मुरूम पसरून तळव्यानं सारखा केला, भिंतीवरून हात फिरवावा तसा. मग खाली वाकूनच, आमच्याकडे न पाहता, हळू आवाजात म्हणाला, "आबा, वाईच सरका."

मला तिथे उभं राहवत नव्हतं. पण राहिले, कारण अक्कांच्या बाजूचं तिथे दुसरं कुणी नव्हतं.

ऊन उतरताना आम्ही अक्कांना खाली ठेवलं. पाळकांनी थोडक्यात प्रार्थना केली, म्हाताऱ्यांनी फाटक्या आवाजात गीत म्हटलं, आणि प्रत्येकानं मूठमाती दिली. बुजवल्यावर कबरीचा उंचवटा शेजारच्यांपेक्षा हातभर जास्त झाला. मुलानं मघाचे दगड त्यावर परत रचले. ते पुरले नाहीत, तेव्हा तरवडाजवळच्या खड्ड्यातून निघालेले कातळाचे तुकडे त्यानं उचलून आणले आणि कडेनं लावले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या जीपनं तो परत गेला. तिकडे त्याची बायको एकटी मोळ्या बांधत होती, आणि ऊस अजून उभा होता.